केर्चचा पूल आणि तज्ज्ञांची घाई

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमान आपल्या नैयायिकांनीं इतक्या वेळां घोटून ठेविलें आहे कीं, ज्यानें तर्कशास्त्राचें एकही पान उलगडलें नाहीं त्यालाही तें पाठ असतें. परंतु त्याच धुरावरून तो अग्नि कोणीं लाविला, कोणत्या काष्ठाचा लाविला, आणि तें काष्ठ डोंगराच्या कोणत्या बाजूनें वर नेलें, हेंही सांगतां येतें, असें कोणा नैयायिकानें म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तें धाडस आमच्या काळांतील युद्धतज्ज्ञांसाठीं राखून ठेविलेलें होतें. केर्चच्या पुलावरील स्फोटाच्या निमित्तानें त्यांनीं तें मनसोक्त करून दाखविलें. आणि त्या धाडसाची झडती घेण्याची वेळ आतां आली आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रसंग वाचकांच्या स्मरणांत असेलच. २०१४ सालीं क्रिमियाचा प्रदेश आपल्या राज्यास जोडून घेतल्यावर रशियानें केर्चच्या सामुद्रधुनीवर सुमारें १९ किलोमीटर लांबीचा पूल बांधला. १५ मे २०१८ रोजीं राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनीं स्वतः मालमोटार हांकून त्याच्या मोटाररस्त्याचें उद्घाटन केलें, आणि २०१९ च्या डिसेंबरांत शेजारच्या समांतर पुलावरून आगगाडी धावूं लागली. फेब्रुवारी २०२२ मध्यें युक्रेनवर सर्वंकष आक्रमण सुरू झाल्यानंतर हाच पूल दक्षिणेकडील रशियन फौजेच्या रसदीचा एक मुख्य मार्ग ठरला. ८ ऑक्टोबर २०२२ रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास त्यावर प्रचंड स्फोट झाला. क्रिमियाकडे जाणाऱ्या रस्त्याचे गाळे समुद्रांत कोसळले, शेजारच्या लोहमार्गावरील गाडीचे तेलाचे डबे पेटले, आणि पांच माणसें ठार झालीं. आदल्याच दिवशीं पुतिन यांस सत्तर वर्षें पूर्ण झालीं होतीं. त्यामुळें या घटनेस शुभाशुभ मुहूर्ताचाही रंग चढला, आणि साऱ्या जगाची जिज्ञासा एकदम जागी झाली.

त्या जिज्ञासेस खाद्य पुरविण्यास कांहीं तासही लागले नाहींत. पुलावरील पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांनीं टिपलेलीं दोनतीन चलच्चित्रें घरोघर पोहोंचलीं, आणि दुपार होण्यापूर्वींच निकाल जाहीर होऊं लागले. एकानें सांगितलें, हें मालमोटारींतील स्फोटकांचें काम. दुसऱ्यानें सांगितलें, छे, पुलाखालून आलेल्या बिनमाणसी होडीचें. चित्र थांबवून पाहा, पाण्यावर एक काळसर आकृति व तिच्यापुढें उठलेली लाट दिसते. तिसऱ्यास क्षेपणास्त्राखेरीज दुसरें कांहीं शक्यच वाटेना. चौथ्यानें पाणबुडे धाडले, आणि पांचव्यानें स्फोट तेलाच्या डब्यांत घडवून आणला. मतभेद असणें हा दोष नव्हे. शास्त्राची वाढच मुळीं मतभेदांतून होते. दोष हा कीं, यांपैकीं कित्येकांनीं आपलें मत मत म्हणून मांडलेंच नाहीं. तें सिद्धान्त म्हणून मांडलें, आणि चित्रावर बाणांच्या खुणा व वर्तुळें काढलीं कीं त्यास प्रमाणाची पदवी प्राप्त होते, असा समज सर्वत्र पसरविला. आपल्याकडील बैठकींतूनही त्या वर्तुळांकडे बोट दाखवून वाद घालणारे सुशिक्षित गृहस्थ थोडे नव्हते.

आतां या चित्रांत काय दिसूं शकतें व काय दिसूं शकत नाहीं, याचा साधा हिशेब करून पाहूं. सामान्य कॅमेरा एका सेकंदांत पंचवीस किंवा तीस चित्रें टिपतो. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत सेकंदाचा पंचविसावा भाग निघून जातो. हेक्सोजेनसारख्या लष्करी स्फोटकांत स्फोटाची लाट सेकंदास आठ हजार मीटरांहून अधिक वेगानें धांवते. तेव्हां दोन चित्रांमधील त्या क्षणार्धांत ती तीनशें मीटरांहून अधिक अंतर तोडूं शकते. मालमोटारीचा सांठा बाराचौदा मीटर लांबीचा धरिला तरी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेट घेण्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाचे दोन अंशही लागणार नाहींत. म्हणजे एका चित्रांत रस्ता व मोटारी आहेत, आणि पुढच्या चित्रांत केवळ पांढरा प्रकाश आहे. मध्यें जें घडलें, ज्वाळा वरून खालीं गेली कीं खालून वर आली, तें कॅमेऱ्यानें पाहिलेलेंच नाहीं. जें कॅमेऱ्यानें पाहिलें नाहीं तें तज्ज्ञांनीं त्याच कॅमेऱ्याच्या साक्षीवरून पाहिलें, याला काय म्हणावें? पाण्यावरील त्या काळसर आकृतीविषयींही हेंच. समुद्राचें पाणी, पुलाची सावली आणि पहाटेचा अपुरा उजेड हीं तिन्ही एकत्र आलीं असतां लाटेची होडी व होडीची लाट होण्यास फारसा वेळ लागत नाहीं.

कांहीं पंडितांनीं चित्रांवर न विसंबतां स्थापत्यशास्त्राचा आधार घेतला, आणि त्यांचा युक्तिवाद अधिक आदरानें ऐकण्यास आम्ही तयार आहों. त्यांचें म्हणणें असें कीं, पूल वरून येणारें ओझें सोसण्यासाठींच बांधलेला असतो. तेव्हां वर झालेल्या स्फोटानें रस्त्यास भोंक पडेल, पण गाळाच्या गाळा कोसळणार नाहीं. गाळा कोसळला त्या अर्थीं धक्का खालूनच आला असला पाहिजे. यांतील पहिलें विधान खरें आहे. तुळईचा खालचा पत्रा ताण सोसण्यास आणि वरचा पत्रा दाब सोसण्यास घातलेला असतो. खालून उचल मिळाली तर दोहोंचीं कामें उलटतात, आणि तुळई दुबळी ठरते. परंतु यावरून वरचा धक्का निरुपद्रवी असतो हें कसें निघालें? पूल जें ओझें सोसतो तें गाड्यांचें, वाऱ्याचें व स्वतःचें; अनेक टन स्फोटकांचा क्षणमात्र दाब हें त्या हिशेबांतलें ओझें नव्हे. शिवाय अनेक खांबांवरून अखंड जाणारी तुळई असली, तर एका जागीं ती मोडतांच शेजारचा भागही ओढला जाऊन आपल्या बैठकीवरून निसटतो. म्हणजे गाळा पडणें ही गोष्ट दोन्ही पक्षांशीं सारखीच जुळते. जो हेतु साध्याच्या ठिकाणींही आढळतो व त्याच्या अभावाच्या ठिकाणींही आढळतो, त्यास आपल्या शास्त्रकारांनीं अनैकान्तिक हेत्वाभास असें नांव देऊन शेंकडों वर्षांपूर्वीं बाजूस काढलें आहे. नव्या यंत्रयुगांत तोच हेत्वाभास गणिताचा अंगरखा घालून पुन्हां सभेंत येऊन बसला, एवढेंच.

खरा निर्णय करणारीं चिन्हें वेगळींच असतात. रस्त्याचा पत्रा खालीं दबला आहे कीं वर फुगला आहे. काजळी व भाजल्याचे डाग वरच्या अंगास आहेत कीं खालच्या. खांबांच्या पाण्यालगतच्या भागास इजा झाली आहे कीं नाहीं. लोहमार्गावरील डब्यांस लागलेले तुकडे कोणत्या उंचीवरून आले. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पोलादावर उरलेल्या अवशेषांत रसायनशास्त्रज्ञास काय सांपडतें. यांपैकीं कांहीं चिन्हें छायाचित्रांतून थोडींबहुत दिसत होतीं, आणि तीं पाहून जबाबदार मंडळी पहिल्या कांहीं दिवसांतच मालमोटारीच्या पक्षाकडे झुकूं लागली, हें त्यांस भूषणावह आहे. पण पडलेले गाळे अर्धे पाण्यांत होते, तुकडे व अवशेष केवळ रशियाच्या ताब्यांत होते, आणि रशिया हा युद्धांतला एक पक्ष होता. तिऱ्हाईत तज्ज्ञास पुलाजवळ उभें राहण्याची सोयच नव्हती. जो वैद्य रोग्याची नाडी न पाहतां, केवळ त्याच्या घराचें छायाचित्र पाहून रोगाचें निदान करितो, त्याच्या पदव्या कितीही लांबलचक असल्या तरी आपण त्याच्या हातचें औषध घेत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "मालमोटार म्हणणारे शेवटीं खरे ठरले ना? मग त्यांच्या घाईस नांवें कां ठेवितां?" या प्रश्नाचें उत्तर आपल्याच भाषेंत तयार आहे. घुणाकिडा लांकूड पोखरतां पोखरतां कधीं एखादें अक्षर उमटवून जातो. म्हणून त्यास लिहितां येतें असें कोणी मानीत नाहीं. पांच जणांनीं पांच उत्तरें दिलीं तर त्यांतलें एक बरोबर येण्याचा संभव असतोच. पुराव्याच्या जोरावर ज्यांनीं तें उत्तर दिलें त्यांचा मान निराळा, आणि आवाजाच्या जोरावर ज्यांनीं दिलें त्यांचा निराळा. अडचण ही कीं, निकाल लागल्यावर दोघेही एकाच पंक्तीस बसून पानसुपारी घेतात.

मग सत्य कशानें बाहेर आलें? तें चित्रांतील वर्तुळांनीं आलें नाहीं. तें आलें साक्षींच्या संवादानें. १२ ऑक्टोबर २०२२ रोजीं रशियाच्या संघराज्य सुरक्षासेवेनें जाहीर केलें कीं, बांधकामास लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदाच्या गुंडाळ्या म्हणून बावीस गठ्ठ्यांत २२,७७० किलो माल ओडेसाहून बल्गेरिया, जॉर्जिया व आर्मेनिया या वाटेनें फिरवून रशियांत आणला गेला, आणि त्यांतच स्फोटकें होतीं. हें एका शत्रूचें म्हणणें. एवढ्यावर कोणीं विश्वास ठेवावा? उलट युक्रेनच्या अध्यक्षांचे सल्लागार पोडोल्याक यांनीं त्याच सुमारास सुचविलें होतें कीं, मालमोटार रशियाच्या बाजूनें आली त्या अर्थीं हा रशियांतीलच दोन खात्यांच्या भांडणाचा परिणाम असावा. पुढें २०२३ च्या जुलैंत युक्रेनच्या सुरक्षासेवेचे तत्कालीन प्रमुख वासिल मालियुक यांनीं या कृत्याची जबाबदारी स्वीकारली, आणि ऑगस्टांत तपशील सांगितला: पातळ कागदाच्या गुंडाळ्यांच्या आंत हेक्सोजेन भरलें होतें, त्याची शक्ति २१ टन टी. एन. टी. एवढी होती, आणि तपासणीच्या यंत्रास तें दिसूं नये अशा बेतानें वरचे थर दिले होते. दोन वैरी, ज्यांचे स्वार्थ सर्वथा परस्परविरुद्ध, ते ज्या गोष्टीविषयीं एक बोलतात ती गोष्ट बहुधा खरी असते. मालमोटार, गुंडाळ्या, स्फोटकें, इतक्यापुरता हा संवाद पक्का आहे.

पण येथेंही घाईनें आपला हात सोडला नाहीं. २२,७७० किलो आणि २१ टन हे दोन आंकडे एकमेकांजवळचे दिसतांच कित्येकांनीं ते एकच मानून टाकिले. वस्तुतः पहिला आंकडा मालाच्या वजनाचा आहे, दुसरा शक्तीचा. हेक्सोजेनची शक्ति टी. एन. टी.च्या सुमारें दीडपटीहून कांहीं अधिक धरितात. त्या हिशेबानें २१ टनांच्या शक्तीस तेराचौदा टन हेक्सोजेन पुरे होतें, आणि बाकीचें वजन कागदाचें व आवरणाचें मानावें लागतें. दोन्ही निवेदनें खरीं असूं शकतात. पण तीं एकच गोष्ट सांगत नाहींत. ज्यास वजन व शक्ति यांतील भेद लक्षांत ठेवतां येत नाहीं, त्यानें स्फोटांविषयीं लोकांस शहाणें करण्याचा विडा उचलूं नये.

होडीच्या पक्षाची गंमत तर याहूनही वरची. १७ जुलै २०२३ रोजीं पहाटे त्याच पुलावर खरोखरच समुद्रावरून बिनमाणसी होड्यांनीं हल्ला झाला. एक पतिपत्नी ठार झालीं आणि त्यांची मुलगी जखमी झाली. तेव्हां "आम्हीं पूर्वींच सांगितलें होतें" असा घोष उठला! जणुं काय नऊ महिन्यांनंतरची होडी कालप्रवाहाच्या उलट जाऊन मागील स्फोट घडवून आली. एखादी रीति पुढें वापरली गेली म्हणून ती मागें वापरली होती, हें अनुमान चोरास मागील सर्व चोऱ्या चिकटविण्याच्या जुन्या युक्तीहून फारसें निराळें नाहीं. ३ जून २०२५ रोजीं तिसरा हल्ला पाण्याखालील खांबांवर झाला. त्यांत ११०० किलो टी. एन. टी. एवढ्या शक्तीचीं स्फोटकें वापरल्याचें युक्रेननें जाहीर केलें, आणि पूल मोडकळीस आल्याचें भाकीत लगेच सुरू झालें. पुलावरील रहदारी मात्र त्याच दिवशीं पुन्हां सुरू झाली. तीन स्फोट, तीन निराळ्या रीति. आणि तिन्ही वेळां निकाल तपासाच्या आधीं.

वाचक म्हणतील, एवढा त्रागा कशास? तज्ज्ञ चुकले तर चुकले. त्यांच्या चुकीनें कोणाचें काय गेलें? ज्यांचें गेलें त्यांजकडे एकदां पाहूं. मालियुक यांनीं जबाबदारी स्वीकारतांना हेंही सांगितलें कीं, माल पोहोंचविण्याच्या साखळींतील माणसांस त्यांत काय आहे याची कल्पनाच दिली नव्हती. रशियानें पकडलेले लोक आपला नेहमींचा धंदा करीत होते. अर्थात् हेंही एका पक्षाचें म्हणणें आहे, आणि तें तोलूनच घेतलें पाहिजे. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्यें दॉनकांठच्या रोस्तोव्ह येथील लष्करी न्यायालयानें आठ जणांस जन्मठेप ठोठावली. आपण निर्दोष आहों हेंच ते अखेरपर्यंत सांगत राहिले. स्फोट वरून झाला कीं खालून, हा प्रश्न बैठकींतल्या करमणुकीचा असेल. कोणास काय ठाऊक होतें, हा प्रश्न त्या आठ माणसांच्या साऱ्या उरलेल्या आयुष्याचा आहे. आणि नेमक्या याच प्रश्नावर वर्तुळें काढणाऱ्या पंडितांनीं बहुधा मौन पाळलें. कारण माणसाच्या मनांतील माहितीचें चलच्चित्र निघत नाहीं.

पूल, स्फोट आणि घाईचा न्याय यांचें नातें जुनें आहे. ७ मार्च १९४५ रोजीं अमेरिकन सैन्य ऱ्हाइन नदीवरील रेमागेनच्या पुलाशीं येऊन ठेपलें, तेव्हां जर्मनांनीं सुरुंगास बत्ती दिली. पूल क्षणभर उचलल्यासारखा झाला आणि पुन्हां आपल्या जागीं बसला. मागविलें होतें सहाशें किलो लष्करी स्फोटक; मिळालें होतें तीनशें किलो, तेंही खाणकामाचें सौम्य जातीचें; शिवाय विजेची मुख्य जोडणीही ऐन वेळीं निकामी झालेली. कारण स्थापत्याचें व रसायनाचें होतें. पण हिटलरला कारण नको होतें, गुन्हेगार हवा होता. त्याच्या फिरत्या लष्करी न्यायालयानें पांच अधिकाऱ्यांस देहान्त शिक्षा सांगितली; चौघांस गोळ्या घालण्यांत आल्या, आणि पांचवा अमेरिकनांच्या कैदेंत होता म्हणूनच वांचला. दहाच दिवसांनीं, १७ मार्चला, तो खिळखिळा झालेला पूल आपण होऊन कोसळला आणि दुरुस्तीस लागलेले अठ्ठावीस अमेरिकन सैनिक घेऊन गेला. पुलानें आपली साक्ष दिली. पण ती ऐकण्यास ते चौघे उरले नव्हते.

"युद्धाच्या धामधुमींत थांबण्यास सवड कोणास असते?" हा शेवटचा बचाव. सेनापतीस सवड नसते हें आम्हांस मान्य आहे. ८ ऑक्टोबरच्या स्फोटाचा सूड म्हणून रशियानें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं युक्रेनच्या शहरांवर क्षेपणास्त्रांचा वर्षाव केला, आणि डझनाहून अधिक माणसें त्यांत मेलीं. सूड तपासासाठीं थांबत नाहीं. पण ज्यास ना तोफ डागावयाची आहे ना पूल राखावयाचा आहे, त्या लेखणीवाल्यास कसली घाई? सेनापतीची घाई ही त्याची विपत्ति असते. विद्वानाची घाई ही त्याची हौस असते. आणि विद्वानाच्या हौसेंतून लोकमताचा जो धुरळा उठतो, त्याच्या आड सूडास व सोयीच्या शिक्षेस लपण्यास उत्तम जागा मिळते.

तज्ज्ञांनीं गप्प बसावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. त्यांनीं बोलावें, पण तीन गोष्टी निराळ्या ठेवून बोलावें: स्वतः काय पाहिलें, त्यावरून काय अनुमानिलें, आणि कोणाच्या शब्दावर काय मानलें. प्रत्यक्ष, अनुमान व शब्द हीं तीन प्रमाणें आपल्या पूर्वजांनीं वेगवेगळ्या भांड्यांत ठेविलीं तीं कांहीं शोभेसाठीं नव्हे. आणि वाचकांनीं तरी तज्ज्ञाच्या पदवीस नमस्कार करण्यापूर्वीं त्यास एवढेंच विचारावें कीं, "आपण जें सांगतां तें खोटें ठरण्यास कोणता पुरावा पुरेसा होईल?" या प्रश्नास ज्याजवळ उत्तर आहे त्याचें ऐकावें, मग तो चुकला तरी चालेल. ज्याजवळ उत्तर नाहीं त्याचें, तो बरोबर असला तरी, ऐकूं नये. केर्चचा पूल रशियानें २०२३ सालीं दुरुस्त करून घेतला; पोलादाचे गाळे नवे बसवितां येतात. त्या पहाटे मेलेल्या पांचांस परत आणतां येत नाहीं. आणि जन्मठेप भोगणाऱ्या आठांपैकीं कोणास खरोखर काय ठाऊक होतें, हा प्रश्न मागें उरतोच.